रातकिडे ऐकू येतात का?

मूल, जि. चंद्रपूर

चि. निलेश,

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, निलेश आताशा घरात ओरडूनच बोलतो, टीव्ही शेजाऱ्यांपर्यंत ऐकू जातो, आणि छकुलीनं मागून दोनदा हाक मारली तरी वळत नाही. वर तिनंच समजूत घातली, “थकून येतो, लक्ष नसतं.” तुझ्या आजोबांचं, आबाजींचं असंच सुरू झालं होतं, आणि आईही हेच म्हणायची.

मला आधी एवढं कळव, रात्री अंगणात रातकिडे ऐकू येतात का? इतरांना येत असतील आणि तुलाच नाही, तर कान गेलेत असं धर. खाणीतल्या ड्रिलचा आवाज आधी वरच्या पट्टीचं ऐकणं खातो, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचं. रातकिड्यांची किरकिर त्यातलीच. मग बोलण्यातले स, श, फ जातात. कुणी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. दुखत नाही, पू येत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. पाळी संपल्यावर कानात गुंई वाजतं आणि सकाळी थांबतं ना, ते थांबलं म्हणजे कान बरा झाला असं समजू नकोस.

“उकाड्यात कानांवरचे मफ सहन होत नाहीत, डंपरचा हॉर्न ऐकू येत नाही,” असं तू दिवाळीत म्हणाला होतास. चंद्रपूरचा मे महिना मला नवा नाही रे. पण ८५ डेसिबलला आठ तास ही हद्द धरली, तर पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला जेमतेम पाव तास उरतो. खाण सुरक्षा महासंचालनालयानं ८५ ला सावध व्हा म्हणून १९७५ सालीच सांगितलंय, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. मफ नको तर फोमचे बोळे माग. बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढ, बोळा आत सरकव आणि फुगेपर्यंत धरून ठेव. पाळीत अर्धा तास काढून ठेवलास तरी निम्म्याहून जास्त राखण गेली. हॉर्नचं म्हणशील, तर बोळ्यानं मशीन आणि हॉर्न दोन्ही दबतात; चांगल्या कानाला हॉर्न तरीही कळतो. बिघडलेल्या कानालाच कळत नाही.

आबाजी बल्लारपूरला आरा मशीनवर होते. सागाचा ओंडका पात्याला लागला की फाटकाबाहेरही बोलणं बंद व्हायचं. पुढे त्यांना मोहफुलं वेचायला एकटं सोडता येईना. वाघाच्या चाहुलीनं वानर खेकसलं की बाकीचे टोपल्या टाकून एकत्र यायचे आणि आबाजी आपले वाकून वेचतच. मग शाळा बुडवून तुझ्या बाबांना त्यांच्याबरोबर पाठवायचे. आणि माझं सांगू? मॅट्रिकनंतर मला चंद्रपूरला शिकायचं होतं. हे आबाजींनाच सांगण्यासारखं होतं, आईला नाही. पण त्यांना सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि अर्ध्या मोहल्ल्यानं ऐकायचं. राहिलंच ते. लग्न ठरलं. ऐकलं असतं तर हो म्हणाले असते, असं मला अजून वाटतं.

छकुलीही मोठी होईल. तिलाही तुला काही हळूच सांगायचं असेल.

भरपाई कायद्याच्या यादीत आवाजानं आलेलं बहिरेपण आहे, पण भरपाईच्या पैशानं कान परत येत नाही. खाणीतल्या ठरावीक मुदतीच्या तपासणीची, पीएमईची वाट बघू नकोस. रजेच्या दिवशी, कानाला आदली रात्रभर आराम मिळाल्यावर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान तपासून घे.

फार बोलले का? तुझ्या मेहनतीवर घर उभं आहे, हे मला ठाऊक आहे. आबाजींसारखाच तूही कधी कुरकुरत नाहीस, म्हणूनच धास्ती वाटते. तुझी सुट्टी कधी ते कळव, मी सकाळच्या एसटीनं येते. रांगेत मी उभी राहीन, तू सावलीत बस. लाखोळीच्या डाळीचे वडे आणते, छकुलीसाठी बिनतिखटाचे वेगळे.

तुझी,
आत्या