सक्तीचा आरोग्यविमा आणि वाग्भटांचा 'आढ्य' रोगी

चिकित्सेचे चार पाद सांगताना वाग्भटांनी रोग्याच्या गुणांत 'आढ्य', म्हणजे धनवान, असा एक गुण सांगितला आहे. चरकसंहितेत त्या ठिकाणी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे चार गुण येतात. वाग्भटांनी धनाचा स्पष्ट उल्लेख का केला असावा, हे दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास सांगावयास नको. रोगी औषध सात दिवसांचे मागतो की तीन दिवसांचे, यावरून त्याची आढ्यता आपल्याला कळतेच.

शासनाने प्रत्येकास आरोग्यविम्याची सक्ती करावी काय, हा प्रश्न आम्ही याच अंगाने पाहू इच्छितो. एकट्याजवळ नसलेली आढ्यता सर्वांच्या वर्गणीतून निर्माण करणे, हेच विम्याचे प्रयोजन होय.

आपल्या भागात ही सक्ती नवी नाही. जर्मनीत कामगारांचा सक्तीचा आजारविमा १८८३ साली आला. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी योजना चालूच आहे. अंबरनाथ व बदलापूर औद्योगिक वसाहतींतील जो कामगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेतो, त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात व मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार वेतनावर कामगाराचे सुमारे ११३ व मालकाचे सुमारे ४८८ रुपये होतात. त्याबदल्यात कुटुंबासह बाह्यरुग्ण उपचार, रुग्णालय आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. यासाठी कामगाराची संमती कोणी विचारत नाही.

ही सक्ती अन्यायकारक आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विमा ऐच्छिक ठेवला की मधुमेही व हृद्रोगी तो आधी घेतात, धडधाकट तरुण घेत नाही. मग हप्ता वाढतो आणि वाढला की उरलेले निरोगीही बाहेर पडतात. यावर खासगी कंपन्यांनी उपाय काढला तो पूर्वीच्या व्याधीसाठी थांबविण्याचा. हा प्रतीक्षाकाळ आजही तीन वर्षांपर्यंत असू शकतो. कामगार विम्यात असा प्रश्न येत नाही. जुना संधिवात घेऊन नोकरीस लागलेल्यासही उपचार मिळतात, कारण तेथे निरोगी माणसास बाहेर राहण्याची मुभा नाही. सक्तीचे खरे समर्थन एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

परंतु उल्हासनगरकडे पाहावे. जीन्स शिवणारी, काजे-बटणे करणारी असंख्य छोटी कामे येथे चार-सहा माणसांत चालतात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर सर्वसाधारणपणे ही सक्ती लागू होत नाही. मालकाने स्वेच्छेने सहभागी व्हावे, एवढीच सोय नव्या संहितेत आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्रीय गृह मंत्रालयाने कारखाने सुरू ठेवण्यासाठी कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. संकट आले तेव्हा सक्ती सुचली!

मग या कारागिरांना खासगी पॉलिसी घेण्याची सक्ती करावी काय? अमेरिकेने २०१४ पासून विमा न घेणाऱ्यांस दंड लावला. २०१९ पासून तो शून्यावर आणावा लागला. आमचा या मार्गास विरोध आहे, आणि त्याचे कारण आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. येथील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही मुख्यतः रुग्णालयीन उपचारांचीच आहे. आमवात, अम्लपित्त, ग्रहणी, त्वग्विकार यांचे आपले रुग्ण दाखल होत नाहीत. काढा, गुग्गुळ, घृत खिशातून घेतात. अशा माणसाकडून सक्तीने हप्ता घेतला तर तो याच खिशातून जाईल. आढ्यता वाढण्याऐवजी घटेल. (वैयक्तिक आरोग्यविम्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, हेही विसरू नये.)

म्हणून वर्गणीची सक्ती वेतन देणाऱ्यावर असावी, छोट्या कारखानदारासही ती लागू व्हावी, आणि जेथे सक्ती तेथे बाह्यरुग्ण उपचार, आयुर्वेदासह, मिळालेच पाहिजेत. स्वित्झर्लंडमध्ये मूलभूत विमा सक्तीचा आहे; तेथील जनतेने २००९ साली पूरक चिकित्सांच्या बाजूने कौल दिल्यावर होमिओपथी, वनौषधी चिकित्सा, पारंपरिक चिनी वैद्यक इत्यादींना २०१७ पासून त्यात स्थिर स्थान मिळाले. त्यांत आयुर्वेद नाही, ही बाब वैद्यबंधूंनी लक्षात घ्यावी.

आपल्याकडे १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे, असा विमा नियामकाचा आदेश आहे. मात्र आयुष रुग्णालय म्हणवून घेण्यास किमान पाच खाटा, नोंदणी, चोवीस तास जबाबदार वैद्य व रोजच्या रुग्णनोंदी लागतात. दोन खोल्यांत पंचकर्म करणाऱ्यास हे जड जाईल. परंतु रुग्णनोंद ठेवण्यास खाटा लागत नाहीत. औषधी दुकानदारांनीही कल्पाचे नाव, बॅच क्रमांक व किंमत लिहून पक्के बिल द्यावे. 'चूर्ण – २०० रुपये' एवढ्या चिठ्ठीवर कोणताही विमा पैसे देणार नाही.

गृध्रसीचा एखादा यंत्रकामगार विश्रांतीसाठी प्रमाणपत्र मागू लागला, तर प्रथम त्याचे विमापत्र विचारावे. तीन आठवड्यांच्या आजारभत्त्यासाठी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. त्यास वेळीच तिकडे पाठवावे, मग बस्ती-स्नेहनाचा विचार करावा. रोजगार बुडतो म्हणून तो पाचव्या दिवशी यंत्रावर उभा राहिला, तर आपली चिकित्साही तेथेच संपते.