दहावीच्या पायांना भरतीची घाई

दहावीतलं पोरगं पहाटे रस्त्यावर पळताना दिसलं, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही-मूल भागात पहिला प्रश्न ठरलेला: "भरतीची तयारी का रे?" मलाही तेच विचारायचे. मी पळत होतो शालेय मैदानी स्पर्धेसाठी, सतरा वर्षांखालच्या गटात, 3000 मीटर. पण गावात पळणारे बाकी सगळे पोलीस भरतीवाले दादा, विशी-बाविशीतले. सोबत त्यांचीच मिळायची. त्यांना 1600 मीटर मारायचं असायचं, म्हणून रोज घड्याळ लावून, डांबरावर, जीव खाऊन पळणं. मी पंधरा वर्षांचा, आणि माझं एकच ध्येय: दादांच्या मागे पडायचं नाही.

आधी नडगी ठणकू लागली. तेल चोळ, मोकळी होईल, असं सगळे म्हणाले. जिल्ह्यातून विभागासाठी निवड झाली तोवर त्या पायावर उडीही मारता येईना. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून पळणं पुन्हा सुरू. दुसऱ्यात हाडाला बारीक तडा निघाला. विभागीय स्पर्धा हुकली ती हुकलीच. पण पळणं बंद झाल्यावर शाळेतूनही मन उडालं, सहामाहीत गणित गेलं, आणि घरात मी कुणाशी धड बोलेना. पाय सगळ्यात आधी बरा झाला.

आता गडचिरोली जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. नडगी धरून येणाऱ्या पोरांना पहिलं विचारतो, दुखणं कुठं ते एका बोटानं दाखव. हाडाच्या कडेनं लांबवर दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पळणं कमी करून बहुधा भागतं. एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर त्याच दिवशी थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "फोटोत काही नाही" एवढ्यावर पळायला लागू नये.

भरतीचं गणित मी फळ्यावर मांडतो. पोलीस शिपायासाठी वय अठरा पूर्ण हवं, बारावी पास हवी. मैदान 50 गुणांचं, लेखी परीक्षा 100 गुणांची. त्या 50 मधले 20 गुण धावण्याचे: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. म्हणजे नववी-दहावीतलं पोरगं ज्या मैदानासाठी हाड मोडून घेतं, तिथं उतरायला त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत, आणि मैदानाच्या दुप्पट वजन ज्या पेपरला आहे त्याचा पाया शाळेतच घातला जातोय. भरती वाईट नाही. आमच्याकडे पगाराची नोकरी म्हटली की आधी तीच दिसते, आणि ते खरंही आहे. पण ती दहावीच्या वहीत ध्येय म्हणून लिहायची गोष्ट नव्हे.

लांब पल्ल्याचं धावणं तर मुळातच उशिरा पिकतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्पर्धेतलं धावणं तिथं सुरू झालं, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत घेतलं. वय 27. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा तीही 27 वर्षांची.

म्हणून माझी पोरं आठवड्यातून फार तर दोनदा जोरात पळतात. बाकीचे दिवस शेजारच्याशी बोलता येईल इतकं हळू, आणि शक्यतो मातीवर. डांबरी रस्ता मी दुसऱ्या कारणासाठीही बंद केलाय. 7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटलीजवळ व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकनं उडवलं, चार मुलं गेली. जंगलाला लागून पळायचं तर वाघाचीही भीती. तेव्हा नीट उजाडल्यावर, घोळक्यानं आणि शाळेच्या मैदानावर. वीस फेऱ्या मारायचा कंटाळा येतो, येऊ द्या.

आणखी एक गोष्ट मी सराव सुरू करण्याआधीच करून घेतो: सिकलसेलची तपासणी. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घरोघरी ऐकलेला, तरी पळणाऱ्या पोराला आपण वाहक आहोत का हे माहीत नसतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. वाहक असला म्हणून धावणं सुटत नाही. मात्र आमच्या उन्हात, पाणी न पिता, न थांबता जोराच्या फेऱ्या मारणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. मध्येच पायातलं बळ गेलं तर "दम लागला असेल" म्हणून हाकलायचं नाही. सावली, पाणी आणि लगेच दवाखाना. आजारच असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. मुलींचं हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या. वेळ सुधारत नाही म्हणून ज्यांना आपण आळशी म्हणतो, त्यातल्या कितीतरी जणींचं रक्त कमी निघतं.

आता घरची बाजू. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, नेमका धानाचा रोवणा चाललेला असतो. विभाग-राज्यापर्यंत जावं तर धानकापणी. मार्चमध्ये परीक्षा आणि मोहफुलं एकदमच. बाबा चिडतात ते धावण्यावर नव्हे, हात कमी पडतात त्यावर. जूनमध्येच बाबांसमोर बसा, स्पर्धांचे दिवस सांगा, बदल्यात बांधीतले कोणते दिवस तुमचे ते ठरवा. रोवण्याच्या दिवशी सराव नाही. दिवसभर चिखलात वाकलेल्या पायांनी संध्याकाळी पळून कुणाची वेळ सुधारलेली मी पाहिली नाही.

अभ्यासाचं ध्येयही मी टक्क्यांत लिहू देत नाही, तासांत लिहायला लावतो. स्पर्धेच्या आठवड्यात बुडालेला धडा पुढच्या रविवारी कुणाच्या वहीतून उतरवणार, त्या मित्राचं नाव लिही म्हणतो. आणि प्रमाणपत्रं सांभाळा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. आमच्याकडे कौलं गळतात, म्हणून मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, आणि एक झेरॉक्स शाळेत माझ्याकडे.