अडलेल्या केसाची कैफियत

शरीरावरील केस काढण्याचा प्रघात आता मोठ्या शहरांतील मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकाच्या आसपासही ब्यूटी पार्लरच्या पाट्या दिसतात, शाळकरी मुलींच्या आणि नुकतीच मिसरूड फुटलेल्या मुलांच्या हाती रेझर अथवा क्रीमची नळी सहज येते; आणि असे असूनही केस काढल्यानंतर त्वचेचे काय होते, तिची निगा कशी राखावी व कोणत्या उपायांच्या वाटेस जाऊ नये, यासंबंधी घरातील वडील माणसे बहुधा एक अक्षर बोलत नाहीत. या मौनामुळे जो त्रास मला दीर्घकाळ भोगावा लागला, तो इतरांच्या, विशेषतः वयात येणाऱ्या मुलामुलींच्या, वाट्याला येऊ नये एवढ्याच हेतूने हे अनुभवाचे बोल लिहीत आहे.

वैशाखात आमच्या घरी लग्न होते आणि लग्नघरच्या बायकांनी आदल्या आठवड्यात मिळून पार्लरमध्ये जाण्याचा जो शिरस्ता हल्ली पडला आहे, त्यास अनुसरून मीही गेले. पायांवरचे केस तेव्हा पुरेसे वाढलेले नव्हते. परंतु तेथील मुलीने "निघतील हो ताई, काळजी करू नका" असा दिलासा देऊन गरम वॅक्स एकाच जागी पुनःपुन्हा लावले आणि पट्टी ओढली. पोटऱ्या लाल झाल्या तरी हाताला अगदी तुळतुळीत लागत होत्या, त्यामुळे सर्वांना काम फत्ते झाल्यासारखे वाटले. पुढे लग्नाची धावपळ, अंगाला चिकटणारी घट्ट चुडीदार, उकाडा आणि घाम यांत दिवस गेले आणि नवे केस उगवण्याची मुदत भरली, तेव्हा पोटऱ्यांवर व मांड्यांच्या मागील बाजूस तांबड्या पुळ्या उठू लागल्या. काहींच्या टोकाशी पू दिसे, तर काहींच्या खाली कातडीआड काळी रेघ वळलेली दिसे, आणि रात्री खाजेने झोप लागत नसे.

घरातील वडीलधाऱ्यांनी "केसतूड आहे" असा निकाल दिला. एका नातलग बाईंनी शिवणाची सुई निरांजनाच्या ज्योतीवर धरून, मोठ्या मायेने, एकेक केस उकरून काढण्याचा खटाटोप केला आणि कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानदाराने "सगळ्यावर चालतं" म्हणून एक मलम दिले. त्या मलमाने खाज तत्काळ शमली; परंतु ते थांबवताच पुळ्या पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळल्या आणि जेथे सुई गेली होती तेथे गळू धरले. अखेरीस एका सार्वजनिक रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात मी गेले.

तेथील डॉक्टरीणबाईंनी दिव्याची भिंगासारखी नळी पोटरीवर टेकवली आणि मलाही त्यातून पाहावयास सांगितले. साध्या डोळ्यांना जो नुसता काळा ठिपका वाटत होता, तो वस्तुतः एक अखंड केस होता. आपल्या छिद्रातून वर येऊन, वरच्या पातळ पापुद्र्याखाली आडवा होऊन, त्याने दीड वेढा घेतला होता आणि त्याच्या भोवतालची त्वचा लालसर, सुजट व ताणलेली होती. "हे पाहा बाई, याला उपटायचं नाही, नुसतं मोकळं करायचं," असे म्हणून त्यांनी निर्जंतुक सुईच्या अग्राने त्या वेढ्याखाली हळूच जागा केली, केसाचे टोक वर उचलले आणि मूळ जेथल्या तेथे राहू दिले. रक्ताचा थेंबही आला नाही. उपटलेला केस पुन्हा त्याच अडचणीच्या वाटेने उगवतो, मोकळा केलेला केस मात्र आपल्या वाटेने वाढत राहतो, हा भेद त्या दिवशी मला प्रथम कळला.

या विकाराचे शास्त्रीय विवेचन नवे नाही. दाढीच्या जागी होणाऱ्या अशा पुळ्यांचा सविस्तर विचार स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकन संशोधकांनी 1956 साली मांडला. केस त्वचेत शिरण्याचे मार्ग दोन. पहिल्यात केस छिद्रातून रीतसर बाहेर येतो; परंतु तो कुरळा असल्यास वळून शेजारच्या त्वचेत पुन्हा घुसतो. दुसऱ्यात तो बाहेर येतच नाही. त्वचेच्या पातळीखाली कापला गेल्यामुळे छिद्राच्या भिंतीतूनच आडवा शिरतो. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक तिरपे छाटलेल्या बोरूसारखे अणकुचीदार असते, त्यामुळे हे भेदन त्यास सुलभ जाते. वॅक्सच्या बाबतीत प्रकार निराळा आहे: आखूड केस मुळासकट न निघता आतल्या आत तुटतो, अथवा मुळासकट निघाल्यावर जो नवा केस येतो त्याचे टोक इतके नाजूक असते की वरच्या मृत पेशींचा थर भेदण्याचे बळ त्यास नसते. शरीर मग स्वतःच्याच केसास परका पदार्थ समजून त्याच्याभोवती दाह निर्माण करते. ज्यांचे केस जाड व कुरळे आहेत त्यांना हा त्रास अधिक होतो. सरळ केसांच्या माणसासही काख, जांघ आणि दाढीखालचा गळा येथे तो टळत नाही, कारण तेथे केसांची दिशा जागोजाग बदलते आणि कपड्यांचे घर्षणही होते.

यावरून जे एक सूत्र हाती येते, त्यावरच पुढील सर्व सूचना उभ्या आहेत. हाताला केसाचा लवलेशही लागू नये हा जो आग्रह, तोच बहुतेक दुखण्याचे मूळ आहे. केस त्वचेच्या पातळीपर्यंत काढावा, तिच्या खाली त्याचा पाठलाग करू नये. 1971 साली दोन पात्यांचे रेझर बाजारात आले आणि पुढे पात्यांची संख्या वाढतच गेली. त्यांत पहिले पाते केस किंचित वर ओढते, मागचे पाते तो कापते आणि कापलेले टोक आत ओसरते. त्यामुळे हजामत तुळतुळीत होते खरी. परंतु ज्याचे केस वळणारे आहेत त्याच्या बाबतीत हा तुळतुळीतपणाच पुढील पुळीची तजवीज करून ठेवतो.

केस काढण्यापूर्वी ते काढणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. अंगावरचे केस ही अस्वच्छता नव्हे आणि ते ठेवल्याने कोणताही रोग होत नाही. काढावयाचेच असतील तर वॅक्ससाठी ते सुमारे पाव इंच वाढू द्यावेत. त्याहून आखूड असताना कोणी कितीही आश्वासन दिले तरी नम्रपणे परत फिरावे. त्वचेवर पुरळ, जखम अथवा उन्हाने भाजल्याचा दाह असेल तर थांबावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या काळात आणि त्या थांबवल्यानंतर सुमारे सहा महिने वॅक्स करू नये. तसे केल्यास त्वचेचा पापुद्रा सोलून निघण्याचे भय असते.

वॅक्स केसांच्या दिशेने पातळ लावावे आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेलगत समांतर, एका झटक्यात ओढावी. सरळ वर उचलून ओढल्यास केस तुटतात. एका जागी पुन्हापुन्हा पट्टी लावू देऊ नये. उरलेले चार केस राहू द्यावेत. अंगाला लागलेली लाकडी पट्टी पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवली जात असेल, तर तेथे स्पष्ट हरकत घ्यावी. हा आपला हक्क आहे आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

रेझर वापरणाऱ्यांनी प्रथम कोमट पाण्याने काही मिनिटे केस भिजवून मऊ करावेत, फेस लावावा, आणि पाते धारदार परंतु शक्यतो एकेरी घ्यावे. त्वचा ताणू नये, पाते दाबू नये, केस ज्या दिशेस वाढतात त्याच दिशेस हात चालवावा, दर फटक्यानंतर पाते धुवावे आणि त्याच जागी उलटा हात फिरवण्याचा मोह टाळावा. वारंवार त्रास होत असेल तर विजेच्या ट्रिमरने केस सुमारे एक मिलिमीटर राखून कापणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. केस विरघळवणाऱ्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचे क्षार असतात. ते केसातील केराटिनचे बंध सैल करतात आणि त्यामुळे उरलेले टोक बोथट राहते. तथापि हेच रसायन त्वचेस पोळवूही शकते. म्हणून आदल्या दिवशी थोड्याशा जागेवर लावून पाहावे, डबीवर छापलेली वेळ ओलांडू नये आणि जांघेच्या नाजूक भागात ते वापरू नये. वर्षानुवर्षे पिच्छा न सोडणाऱ्या त्रासासाठी लेसरचा उपाय आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेस त्यांपैकी 1064 नॅनोमीटरचे एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानले जाते. परंतु ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे.

केस काढल्यानंतरचे पहिले दोन दिवस निर्णायक असतात. थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवावे, सैल सुती कपडे घालावेत, कढत पाण्याचे स्नान, पोहणे, घाम गाळणारा व्यायाम आणि सुगंधी द्रव्ये वर्ज्य करावीत. दाट तेलाचे थापणे टाळून हलके मॉइश्चरायझर लावावे. तिसऱ्या दिवसापासून, आठवड्यातून दोनतीन वेळा, ओल्या मऊ पंचाने हलक्या हाताने गोलाकार चोळावे, म्हणजे मृत पेशींचा थर साचत नाही. टाचा घासण्याची वज्री अथवा खरखरीत घासणी येथे कदापि आणू नये. ज्यांना चोळणे सोसत नाही त्यांनी सॅलिसिलिक अथवा लॅक्टिक आम्लाचे सौम्य लोशन वैद्यकीय सल्ल्याने वापरावे. त्वचेचा वरचा थर बदलण्यास सुमारे चार आठवडे लागतात, म्हणून या निगेत खंड पडता कामा नये.

एवढे करूनही पुळी उठलीच, तर त्या भागातील केस काढणे निदान महिनाभर बंद ठेवावे. बहुतेक केस वाढता वाढता आपले आपण सुटतात. दिवसातून तीनचार वेळा, दहापंधरा मिनिटे, कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे. केसाचा वेढा वर आलेला स्पष्ट दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने त्याचे टोक केवळ उचलावे. दिसत नसेल तर सुई, नख अथवा टाचणी लावू नये आणि पुळी पिळू तर मुळीच नये.

मलमांविषयी मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली जी मलमे सर्रास हाती दिली जातात, त्यांनी दाह दडपला जातो, त्वचा पातळ होते आणि जंतुसंसर्ग आड राहून वाढतो. अशी स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकली जावीत यासाठी 2018 साली केंद्र शासनाने नियम कडक केले आहेत. त्या नियमाचा अंमल आपण स्वतःच्या घरात तरी करावा. पुळी गेल्यावर मागे राहणारा काळा डाग हा आपल्या वर्णाच्या त्वचेचा स्वभाव आहे. तो हळूहळू, कित्येकदा काही महिन्यांनी, फिकट होतो. ऊन लागू न देणे आणि तो खरवडून न काढणे हेच त्यावरील पहिले औषध होय.

वेदना वाढत असेल, लाली पसरत असेल, ताप आला असेल, अथवा रोग्यास मधुमेह असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. काखेत व जांघेत खोल, दुखरी गळवे वारंवार होऊन वाहत असतील, तर तो अडलेल्या केसाचा नव्हे तर निराळाच दीर्घ विकार असू शकतो, आणि त्याचे निदान लवकर होणे हिताचे असते. मुलीच्या हनुवटीवर राठ केस वाढू लागले आणि पाळीही अनियमित झाली, तर पार्लरपेक्षा डॉक्टरांचा दरवाजा आधी ठोठावावा, कारण तेथे अंतःस्रावांची तपासणी आवश्यक असते.

आणि शेवटची विनंती आयांना, मावश्यांना, काकांना व वडिलांना आहे. पंधरा वर्षांची मुलगी लाजेपोटी मांडीवरची पुळी लपवते आणि बंद खोलीत ती उकरत बसते. मुलगा गळ्यावरचे फोड मित्रांनी हसू नये म्हणून आणखी खोल वस्तरा फिरवून झाकू पाहतो. ज्या दिवशी घरात पहिला रेझर येतो, त्याच दिवशी कोमट पाणी, केसांची दिशा आणि एकच हात, एवढ्या तीन गोष्टी त्यांना शांतपणे समजावून सांगा, आणि काही दुखले-खुपले तर आमच्यापाशी या, आम्ही रागावणार नाही, असे स्पष्ट वचन द्या.