पंचविसावा गुरू : कडुनिंबावरचा भुंगेरा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७ ते ९. यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद. याच स्कंधावर नाथमहाराजांनी १५७३ मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं.

अवधूताने २४ गुरू केले. त्यात पृथ्वी, वारा, समुद्र आहेत, तसेच मधमाशी, पतंग, कोळी हे बारीक जीवही आहेत. काही गुरू कसं वागावं ते शिकवतात, तर काही कशापासून सांभाळावं ते. पतंग दुसऱ्या प्रकारातला : रूपाला भुलतो आणि ज्योतीवर संपतो. आज त्याच्या शेजारी आपल्या नाशिककडचा एक जीव बसवूया. हुमणीचा भुंगेरा.

वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की अंधार पडताना हे तपकिरी भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर गाठतात. तिथे नर-मादीचं मीलन होतं. रात्रभर पाला खायचा आणि उजाडायच्या आत परत मातीत. दिवसा बघाल तर कुरतडलेली पानं दिसतील, खाणारा दिसणार नाही.

कडुनिंबाचं त्यात फारसं बिघडत नाही, पुन्हा पालवी फुटते. खरा घात पुढे आहे. मादी मातीत अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अळी निघते : पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली. हीच हुमणी. सुरुवातीला ती कुजलेल्या पाल्यावर जगते, मग ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची मुळं खाते. असे कित्येक महिने जातात. मग कोष, कोषातून भुंगेरा, आणि तो भुंगेराही पुढच्या पावसापर्यंत मातीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. त्यातले थोडे दिवस सोडले तर सगळं आयुष्य जमिनीखाली.

माझ्या मामांचा निफाड तालुक्यात ऊस आहे. ते सांगतात, ऊस पिवळा पडायला लागला की आधी वाटतं, पाणी कमी पडलं असेल, खत कमी पडलं असेल. ठोंब धरून ओढला आणि तो अलगद हातात आला, की कळतं मुळंच राहिली नाहीत.

आता हे मनाला लावून बघा. टीममधल्या मित्राला बढती मिळाली. आपण ग्रुपवर अभिनंदन टाकलं, वर टाळ्यांचा इमोजी. पण आत काहीतरी टोचलं. ते टोचणं म्हणजे भुंगेरा. त्याने एखादं पान कुरतडलं, एवढंच. पण ते तसंच मातीत जाऊ दिलं तर अंडी घालतं. सहा महिन्यांनी मैत्री का सुकली, नामात मन का लागत नाही, हे आपल्याला कळत नाही. मग आपण खत-पाणी बदलतो : नवीन अ‍ॅप, नवीन जपमाळ, नवीन शिबिर. मुळाशी कोणी बघत नाही.

शेतकऱ्याला दिला जाणारा सल्ला म्हणूनच साधा आहे. अळीची वाट पाहू नका, भुंगेरे झाडावर आहेत तोवरच फांद्या हलवून गोळा करा. प्रकाश सापळा लावा, पतंगासारखेच तेही दिव्यावर येतात. आणि हे सगळ्या गावाने एकदम करायचं. मामांचं आणि शेजारच्या भाऊबंदांचं बांधावरून बोलणं बंद होतं. तरी पहिल्या पावसात दोघांची पोरं एकाच बाभळीखाली बादल्या घेऊन उभी राहिली. मामा म्हणाले, “भुंगेऱ्याला बांध कळत नाही रे.”

कोणी विचारेल, भुंगेरे मारणं ही हिंसा नाही का? आहे. मामाही बादलीत रॉकेलचं पाणी ओतताना हात जोडतात. पीक राखायचं, पण जिवाचा द्वेष करायचा नाही, हा तोल सोपा नाही आणि तो शब्दांत सोडवूही नये.

आजचा अभ्यास : रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं. आज काय टोचलं, ते नाव घेऊन देवापुढे ठेवा. जमलं तर एका जवळच्या माणसालाही सांगा, कारण एकट्याने गोळा करून भुंगेरे संपत नाहीत. संतांनी संगतीला एवढं महत्त्व दिलं ते उगाच नाही. उजाडायच्या आत, ते मातीत शिरण्याआधी.

राम कृष्ण हरी!