जी.ए. वापरताना एवढे सांभाळा

आपल्यापैकी पुष्कळांच्या उसाशेजारी द्राक्षबाग आहे. विश्रामबागेतून जी.ए.ची पुडी आणली, की थेट पंपात टाकून मोकळे होऊ नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

जी.ए. म्हणजे जिब्रेलिक ॲसिड. जपानमध्ये १९२६ साली भाताची रोपे अतोनात उंच करणाऱ्या बुरशीवरून याचा माग लागला. द्राक्षात याने घड लांबतो, मणी फुगतो.

ही भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवा, मग पाण्यात ओता. शुद्ध १ ग्रॅमला १०० लिटर पाणी, म्हणजे १० पीपीएम. बोर्डो मिश्रणात घालू नका. चुन्याने गुण जातो.

ॲसिटोन चटकन पेटते. जवळ बिडी, चूल नको. हातमोजे घाला, पुडी-बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका. हिशेब चुकला तर हंगाम जातो, ठिणगी पडली तर माणूस.