लॉटरी लागली तर?

(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. शास्त्रपाठ : लूक 12:13-21)

पांढुर्णा-सौंसरकडील मुलांना "लॉटरी लागली तर काय कराल?" असे विचारले, की उत्तरे भराभर येतात : मोटारसायकल, संत्र्याची बाग, नागपुरास घर. शिक्षकांनी ती हसण्यावारी नेऊ नयेत. फळ्यावर लिहून ठेवावीत. मग हिशेब मांडावा.

2022 साली केरळ सरकारच्या ओणम सोडतीचे पहिले बक्षीस 25 कोटींचे होते. 500 रुपयांची सुमारे 66 लाख तिकिटे खपली. 2011 च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची वस्ती 45 हजारांच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाने तिकीट घेतलेली अशी जवळजवळ दीडशे पांढुर्णा, आणि त्यांत पहिले बक्षीस एकालाच! हा भागाकार मोठ्या मुलांना स्वतः करू द्यावा; बक्षीस कोणाच्या खिशातून आले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. (मत्थियाच्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्याच होत्या, असे एखादा चतुर मुलगा म्हणेल. खरे आहे, पण तेथे पैसे लावून कोणी हरले नव्हते.)

ते बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागले. मुलाच्या गल्ल्यातले पैसे घालून त्याने तिकीट घेतले होते. दलाली व कर वजा जाता हाती 16 कोटींच्या आतच रक्कम येणार होती. ती हाती पडण्यापूर्वीच मदत मागणाऱ्यांची दारात अशी रीघ लागली, की त्याला घर सोडून नातलगांकडे राहावे लागले. बक्षीस लागले नसते तर बरे झाले असते, असे त्याने आठवड्याभरातच बोलून दाखवले.

लूकमधील उताऱ्याची सुरुवातही भावाकडून वाटणी मागणाऱ्या माणसापासूनच होते. येथे वर्गाला जरा थांबवावे. दारात आलेले सगळेच काही लोभी नसतील. कोणाचे दुखणे खरे असेल, कोणाचे कर्ज खरे असेल. नाही कोणाला म्हणायचे? आणि सख्ख्या भावाला म्हणायचे काय? उत्तर देण्याची घाई शिक्षकांनी करू नये.

आपल्या सीमेला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातले एक उदाहरण मुलांना ठाऊक असेल. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत; महिना 1500 रुपये. 2019 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त त्यांनी 1 कोटी रुपये जिंकले. ही लॉटरी नव्हे, अभ्यासाची कमाई. पण अचानक आलेला पैसा तोच. घरात सर्वांत मिळून एकच मोबाईल, म्हणून स्वतःला एक असावा, एवढी त्यांची हौस. खिचडीचे काम मात्र सोडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

आता फळ्यावरची यादी पुन्हा वाचावी आणि प्रत्येकाला विचारावे : बक्षीस लागल्यावरच्या सोमवारी सकाळी तू कोठे जाशील?