बचत गटाची वही

बुलढाणा जिल्ह्यात मृग लागला की बियाण्याला पैसा लागतो. पूर्वी त्यासाठी बहुधा सावकाराचेच दार असे. आता पुष्कळ गावांत बचत गटाची पेटी उघडते. दहा ते वीस बायका दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, कर्ज बैठकीत सर्वांसमोर ठरते, आणि व्याज गटातच राहते.

१९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. तारण नव्हते, नियमित परतफेड आणि चोख वही हीच पत. ही वही एखादी ताई बहुधा विनामोबदला लिहिते, तेव्हा निदान हिशेब वाचताना सर्वांनी लक्ष द्यावे!

एखादीचा हप्ता चुकला तर बैठकीत बोल लावू नयेत. आधी तिच्या घरी जावे, सोयाबीन बुडाले की घरात आजारपण आले ते विचारावे. अपमान झाला तर ती पुढच्या बैठकीला येत नाही, सावकाराकडे जाते.